जॉर्ज स्टोनी : कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणारा शिक्षक

कल्पित कथेचा आश्रय न घेता प्रत्यक्ष जीवनातील माणसे, त्यांचे उद्योग आणि त्यांच्या अडचणी पडद्यावर दाखविणारा जो चित्रपट, त्यास आपण अनुबोधपट म्हणतो. अलीकडे माहितीपट हेही नाव रूढ झाले आहे. अशा चित्रपटांत गरीब माणूस वारंवार दिसतो. कोळी, गिरणीमजूर, भूमिहीन कुळ, आजारी मूल ही सारी त्या पडद्यावर येऊन जातात. त्यांच्याविषयी बोलणारा आवाज मात्र बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. चित्र एकाचे आणि कथन दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. ती न्याय्य आहे काय, हा प्रश्न ज्या एका गृहस्थाने आपल्या दीर्घ आयुष्यात पुनःपुन्हा स्वतःला विचारला आणि प्रत्येक वेळी पूर्वीपेक्षा थोडे अधिक धाडसी उत्तर दिले, त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. त्यांचे नाव जॉर्ज स्टोनी. ते अमेरिकन होते, चाळीसांहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत, आणि आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन केले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणाच्या कानांवरून गेलेले नाही. परंतु ज्या सवलती आज आपण गृहीत धरतो त्यांपैकी एकीच्या मुळाशी त्यांचे श्रम आहेत.

स्टोनी यांचा जन्म १ जुलै १९१६ रोजी नॉर्थ कॅरोलायना संस्थानातील विन्स्टन-सेलम या शहरी झाला. हे शहर तंबाखूच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशात कापडाच्या गिरण्या पसरलेल्या होत्या. अमेरिकेचा हा दक्षिण भाग म्हणजे गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, रुग्णालयातील खाटाही वेगळ्या, अशी कायद्यानेच आखलेली दुनिया होती. चॅपल हिल येथील विद्यापीठात इंग्रजी व इतिहास या विषयांचे अध्ययन करून १९३७ साली ते पदवीधर झाले. पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेत त्यांनी काम केले. परदेशांतून आलेल्या दरिद्री कुटुंबांच्या वस्तीत राहून तेथल्या लोकांना शुश्रूषा, शिक्षण आणि आधार पुरविणारी ही संस्था होती. माणसांच्या उंबरठ्यावर बसून त्यांचे ऐकावे, हा पाठ तेथे त्यांना प्रथम मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतरचा त्यांचा अनुभव अधिक महत्त्वाचा आहे. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल हे त्या काळी अमेरिकेतील वर्णभेदाचा मोठा अभ्यास करीत होते. १९४४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या विषयावर आधारभूत मानला जातो. त्या कामात कृष्णवर्णीय विद्वान राल्फ बंच हे त्यांचे सहकारी होते. याच बंच यांना पुढे १९५० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. दक्षिणेतील मतदानाची स्थिती प्रत्यक्ष हिंडून पाहण्यासाठी १९४० साली जे क्षेत्रसंशोधक नेमले गेले, त्यांत तरुण स्टोनी होते. दक्षिणेतील कित्येक संस्थानांत मत देण्यापूर्वी एक कर भरावा लागे. रक्कम किरकोळ दिसे. पण ज्याच्या हाती वर्षभर रोकड अशी पडतच नाही अशा कुळाला तीच डोंगराएवढी होई. कृष्णवर्णीयांबरोबर लक्षावधी गरीब गोरेही या करामुळे मतदानाबाहेर राहत. मध्यवर्ती निवडणुकांपुरता हा कर रद्द होण्यास १९६४ साल उजाडावे लागले. गावोगाव फिरून स्टोनी यांनी जे पाहिले त्याचे सार एवढेच की, ज्याला मत नाही त्याच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बहुतेक स्वतःपुरतेच बोलतात.

यापुढे ते सरकारच्या शेती-साहाय्य खात्यात माहिती-अधिकारी झाले. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स यांच्यासारख्या छायाचित्रकारांकडून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची छायाचित्रे ज्या खात्याने काढविली तेच हे खाते. १९४२ साली त्यांना सैन्यात जावे लागले. तेथे शत्रुप्रदेशाच्या छायाचित्रांचा अर्थ लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये दक्षिणेतील शैक्षणिक चित्रपट तयार करणाऱ्या एका संस्थेत लेखक व दिग्दर्शक म्हणून ते रुजू झाले. वयाच्या तिसाव्या वर्षी हा मनुष्य चित्रपटाकडे वळला तो पडद्याच्या मोहाने वळला नाही. लोकांना उपयोगी पडेल अशी माहिती लोकांपर्यंत कशी न्यावी, या विवंचनेतून तो तेथे आला. आणि ही विवंचना मुळात शिक्षकाची आहे.

१९५० साली त्यांनी स्वतःची चित्रपटसंस्था काढली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ज्या चित्रपटाने त्यांचे नाव कायमचे झाले, त्याची मागणी जॉर्जिया संस्थानाच्या आरोग्यखात्याकडून आली. ‘ऑल माय बेबीज’, म्हणजे ‘माझी सारी लेकरे’, हे त्याचे नाव. जॉर्जियाच्या खेड्यापाड्यांतील कृष्णवर्णीय स्त्रियांची बाळंतपणे त्या काळी बहुतांशी घरीच आणि सुइणींच्या हातून होत. रुग्णालये दूर, त्यांची दारे अर्धी मिटलेली, आणि डॉक्टरची फी आवाक्याबाहेरची. तेव्हा या सुइणींना स्वच्छतेचे व सुरक्षित प्रसूतीचे शिक्षण देणारा एक चित्रपट खात्याला हवा होता. त्यात कोणकोणत्या गोष्टी शिकविल्या गेल्याच पाहिजेत याची लांबलचक यादी खात्याने दिली होती. अशा याद्यांतून जो चित्रपट निघतो तो कसा असतो हे ज्याने शाळाखात्याची परिपत्रके वाचली आहेत त्यास सांगावयास नको.

स्टोनी यांनी यादी स्वीकारली. परंतु ती डॉक्टरच्या तोंडी घातली नाही. ऑल्बनी या गावी मेरी फ्रान्सिस हिल कोली नावाच्या एक अनुभवी कृष्णवर्णीय सुईण होत्या. आपल्या आयुष्यात त्यांनी तीन हजारांहून अधिक मुलांना या जगात आणले. स्टोनी यांनी त्यांचे काम जवळून पाहिले, आणि चित्रपटाची सारी कथा त्यांच्याच मुखाने सांगावयाची असे ठरविले. चित्रपटाच्या आरंभी सुइणींची सभा भरलेली आहे. एक अर्भक हयगयीमुळे दगावले, म्हणून डॉक्टर त्यांना बोल लावीत आहेत. मेरीबाई घरी येतात, आपली पिशवी, आपली हत्यारे आणि आपले घर पुन्हा एकदा निरखून पाहतात. पुढे दोन गर्भवती स्त्रिया आपल्या परिचयाच्या होतात. एकीच्या घरी सर्व तयारी आहे. कात्री उकळलेली, वर्तमानपत्रे अंथरलेली, नवरा मदतीला. दुसरीच्या घरी दारिद्र्याने आणि निराशेने ठाण मांडलेले आहे. दोन्ही ठिकाणी मेरीबाई सारख्याच शांतपणे वागतात. कोणावर ओरडत नाहीत, कोणाला लाजवीत नाहीत. चित्रपटात दाखविलेला जन्म हा अभिनय नसून खरोखरचा जन्म आहे. ज्या काळात अमेरिकेच्या पडद्यावर कृष्णवर्णीय स्त्री बहुधा मोलकरीण म्हणून येई, त्या काळात एक कृष्णवर्णीय स्त्री आपल्या विद्येत निष्णात अशी गुरू म्हणून पडद्यावर उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हती.

हा चित्रपट १९५३ साली बाहेर आला आणि सुइणींच्या वर्गांतून जॉर्जियाबाहेरही पुष्कळ हिंडला. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतनासाठी निवडलेल्या चित्रपटांत त्याची गणना झाली. तथापि येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या आरोग्यखात्यांनी सुइणींना शिकविले त्यांनीच परवान्यांचे नियम आवळीत नेऊन पुढील काही दशकांत हा व्यवसाय जवळजवळ संपुष्टात आणला. मेरीबाईंचा गौरव करणारा चित्रपट मेरीबाईंच्या व्यवसायाला वाचवू शकला नाही. शिवाय चित्रपटातील आवाज त्यांचा असला तरी काय बोलावयाचे, काय वगळावयाचे, याचा निर्णय शेवटी स्टोनी यांचा व खात्याचा होता. गरीब माणसाला पडद्यावर मान मिळाला. पण अधिकार मिळाला नव्हता. स्टोनी यांच्या वाटचालीतील ही पहिली पायरी होय.

यानंतर पंधरा वर्षे त्यांनी असेच उपयुक्त चित्रपट तयार केले. मनोरुग्णाशी पोलिसांनी कसे वागावे हे शिकविणारा १९६० सालचा एक चित्रपट त्यांत आहे. वेड लागलेल्या माणसाला दंडुका व कोठडी हीच औषधे आहेत असे समजणाऱ्या शिपायाला, संथ बोलणे व थोडा धीर यांनी किती काम होते, हे त्यात दाखविलेले आहे. विषय बदलत गेले तरी रीत एकच होती. ज्या माणसांना पाहावयाचे, त्यांच्यासाठीच आणि त्यांच्याच सहकार्याने चित्रपट करावयाचा.

दुसरी पायरी त्यांना कानडात सापडली. कानडा म्हणजे अर्थात उत्तर अमेरिकेतील देश; आपल्या शेजारचा कन्नड प्रांत नव्हे. तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६७ साली दारिद्र्याच्या प्रश्नावर ‘चॅलेंज फॉर चेंज’ नावाची योजना सुरू केली, आणि १९६८ ते १९७० या काळात तिची सूत्रे स्टोनी यांच्याकडे आली. त्यांच्या आधीच या योजनेत एक अपूर्व प्रयोग झालेला होता. न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचे मासेमारी करणाऱ्यांचे एक बेट आहे. तेथील लोकांना हलवून अन्यत्र वसवावे असा सरकारचा विचार चालला होता. कॉलिन लो नावाच्या दिग्दर्शकाने या बेटावरील निरनिराळ्या वस्त्यांत लोकांची बोलणी चित्रित करून २७ लहान लहान चित्रपट केले, आणि ते जगाला दाखविण्यापूर्वी बेटावरच, एका गावचे दुसऱ्या गावाला, असे दाखविले. एकमेकांशी ज्यांचे फारसे दळणवळण नव्हते त्या कोळ्यांना आपली दुःखे एकच आहेत असे दिसून आले. मग तेच चित्रपट मंत्र्यांना दाखविण्यात आले, आणि मंत्र्यांचे उत्तर चित्रित होऊन बेटावर परत आले. लोकांनी मासे व नौका यांसाठी सहकारी संस्था उभ्या केल्या, आणि बेट ओस पडले नाही. हे सारे केवळ चित्रपटाने झाले असे कोणी म्हणणार नाही. पण चित्रपट येथे प्रथमच दोन पक्षांमधील निरोप्या झाला.

स्टोनी यांनी ही कल्पना पुढे नेली. त्यांच्याच कारकिर्दीत कानडातील आदिवासी तरुणांचे एक चित्रपट-पथक शिक्षण घेत होते. त्यांत मोहॉक जमातीचे माइक मिचेल नावाचे तरुण होते. मोहॉकांची अकवेसास्ने ही भूमी मोठी विलक्षण आहे. कानडा आणि अमेरिका यांची सरहद्द तिच्या पोटातूनच गेलेली आहे. १७९४ च्या जे तहान्वये सरहद्दीवरून मोकळेपणी ये-जा करण्याचा आदिवासींचा हक्क मान्य झाला असताना, कानडाचे अधिकारी त्यांच्या घरगुती मालावर जकात घेत होते. १८ डिसेंबर १९६८ रोजी मोहॉकांनी कॉर्नवॉलजवळचा आंतरराष्ट्रीय पूल रोखून धरला. आदल्या दिवशी मिचेल यांनी मंडळाकडे कॅमेरे मागितले. सरकारी मंडळाने सरकारविरुद्धच्या निदर्शनाचे चित्रण करावयाचे काय, यावर खल करीत बसण्यास वेळ नव्हता. स्टोनी यांनी पथक पाठविले. हिमात उभी असलेली माणसे, पोलिसांशी झालेली झटापट, अटका, आणि शांत शब्दांत आपला हक्क सांगणारे मिचेल, हे सर्व त्या चित्रपटात आहे. ‘यू आर ऑन इंडियन लँड’, म्हणजे ‘तुम्ही आमच्या भूमीवर उभे आहात’, या नावाने तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यावर दिग्दर्शक म्हणून मंडळाच्याच एका माणसाचे नाव पडले. या नावाची गोष्ट मी शेवटी पुन्हा काढणार आहे.

त्याच सुमारास यंत्रविद्येने एक मोठी सोय करून दिली. १९६७ मध्ये एका माणसाने खांद्यावर वाहून नेता येईल असा व्हिडिओ-कॅमेरा बाजारात आला होता. चित्रपटाची फीत धुण्यासाठी रसायनशाळेत पाठवावी लागे. व्हिडिओची फीत तेथल्या तेथे पाहता येई, आणि न आवडल्यास पुसून पुन्हा भरता येई. माँट्रियालमधील सेंट-जॅक नावाच्या गरीब वस्तीतील नागरिक-समितीच्या हाती १९६९ साली असे कॅमेरे देण्यात आले. डोरोथी एनो आणि बॉनी क्लाइन या दोन स्त्रिया या उपक्रमाच्या प्रमुख होत्या. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतील काय ठेवावयाचे हे त्यांनीच ठरविले, आणि सभेत त्या दाखवून चर्चा केली. येथवर चित्रपटकार लोकांना घेऊन चित्रपट करीत होता. आता लोक स्वतः करू लागले आणि चित्रपटकार बाजूला उभा राहिला. वर्गात विद्यार्थ्याच्या हाती खडू देऊन मागच्या बाकावर जाऊन बसणे शिक्षकाला किती जड जाते हे मी चांगले जाणतो. अक्षर वाकडे येते, वेळ जातो, आणि हात शिवशिवतो. पण त्यावाचून विद्यार्थी शिकत नाही.

स्टोनी न्यूयॉर्कला परतले ते हा धडा घेऊनच. तेथील विद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि १९७१ साली रेड बर्न्स या कर्तबगार बाईंच्या सहकार्याने त्यांनी ‘आल्टरनेट मीडिया सेंटर’ हे केंद्र ग्रीनिच व्हिलेज भागात उघडले. त्या वेळी तारेवाटे घरोघर दूरचित्रवाणी पोहोचविणाऱ्या केबल-कंपन्या नुकत्या पसरू लागल्या होत्या. या तारा नगरपालिकेच्या रस्त्यांखालून जात. स्टोनी व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. रस्ता लोकांचा आहे. तेव्हा त्याचा उपयोग करून नफा मिळविणाऱ्याने भाडे म्हणून एक वाहिनी लोकांसाठी राखून ठेवावी. जो प्रथम येईल त्याला प्रथम वेळ मिळावा, आणि तो काय बोलतो यात कंपनीने हात घालू नये. जुलै १९७१ मध्ये मॅनहॅटनमध्ये अशा वाहिन्या सुरू झाल्या. १९७२ साली मध्यवर्ती दळणवळण आयोगाने मोठ्या बाजारपेठांतील केबल-कंपन्यांवर ही अट घातली. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला तसा अधिकार नसल्याचे ठरवून ती अट रद्द केली. आणि १९८४ च्या कायद्याने अशी वाहिनी मागण्याची मुभा स्थानिक सत्तांना दिली. या चढउतारांत चळवळ तगून राहिली, कारण स्टोनी यांच्या केंद्रात शिकून तयार झालेले तरुण ठिकठिकाणच्या शहरांत जाऊन बसले होते आणि तेथील लोकांना कॅमेरा धरावयास शिकवीत होते. १९७६ साली या कार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. स्टोनी यांना या चळवळीचे जनक म्हणतात ते यासाठी.

परंतु, श्रोतेहो, दार सर्वांना उघडले की त्यातून कोण येईल हे आपल्या हाती राहत नाही. लोकवाहिनीवर शाळेच्या प्रश्नांची चर्चा झाली, वृद्धांनी आपल्या आठवणी सांगितल्या, परभाषिक वस्त्यांना आपली भाषा ऐकावयास मिळाली. तसेच पुष्कळसे अर्थहीन व बीभत्सही तेथे आले. त्याहून गंभीर म्हणजे वर्णद्वेष्ट्यांनीही आपला वेळ मागितला. मिझुरीतील कॅन्सस सिटी येथे कू क्लक्स क्लानने असा अर्ज केला, तेव्हा १९८८ साली नगरसभेने लोकवाहिनीच बंद करून टाकली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९८९ मध्ये नगरसभेला ती पुन्हा सुरू करावी लागली. ज्या मनुष्याने कृष्णवर्णीय सुइणीला पडद्यावर गुरुपद दिले, त्याच्याच चळवळीतून तिच्या शत्रूंना व्यासपीठ मिळावे, हा दैवदुर्विलास खरा. या चळवळीचे उत्तर असे की, वाईट बोलण्यावर तोड म्हणून अधिक माणसांनी बोलावे. दार लावल्यास पहिल्यांदा बाहेर राहतो तो दुबळाच. हे उत्तर मला पूर्णांशाने पटते असे नाही. द्वेषाने ज्याचे घर जळाले आहे त्याला ‘तूही बोल’ एवढे सांगून भागत नाही. पण दार लावण्याची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, याचे समाधानकारक उत्तर टीकाकारांकडेही नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या धंद्यातील पूर्वसूरींकडेही स्टोनी यांनी याच दृष्टीने पाहिले. रॉबर्ट फ्लॅहर्टी हे अनुबोधपटाचे आद्य आचार्य मानले जातात. आयर्लंडच्या पश्चिमेकडील अरन बेटांवर त्यांनी केलेला ‘मॅन ऑफ अरन’ हा १९३४ सालचा चित्रपट जगप्रसिद्ध आहे. स्टोनी त्या बेटावर गेले, जिवंत असलेल्या मंडळींना भेटले, आणि १९७८ साली ‘हाउ द मिथ वॉज मेड’, म्हणजे ‘पुराणकथा कशी रचली गेली’, हा चित्रपट त्यांनी केला. फ्लॅहर्टींनी पडद्यावर दाखविलेले कुटुंब खरे कुटुंब नव्हते. निवडून एकत्र आणलेली ती माणसे होती. चित्रपटातील शार्क माशांची शिकार बेटावरून केव्हाच नाहीशी झाली होती, ती लोकांना नव्याने शिकवावी लागली. ज्या जमीनदारीने तेथील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या छळले तिचे चित्रपटात नावही नाही. झगडा आहे तो केवळ समुद्राशी. हे सर्व स्टोनी यांनी फ्लॅहर्टींच्या कलेविषयी आदर राखून सांगितले. परंतु ज्यांचे चित्र काढले त्यांना, चित्र पाहून झाल्यावर, काय वाटले हे विचारावयाचे चित्रकाराच्या मनातही येऊ नये, हा दोष त्यांनी उघडा केला.

त्यांच्या उतारवयातील सर्वांत मोठे काम १९९५ सालचे आहे. १९३४ साली अमेरिकेतील कापड-गिरण्यांत जो प्रचंड संप झाला त्याचा इतिहास सांगणारा ‘द अपरायझिंग ऑफ थर्टीफोर’ हा चित्रपट त्यांनी ज्युडिथ हेल्फंड व सुझॅन रोस्टॉक यांच्यासह केला. एका मजुराकडे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक साचे सोपवावयाचे आणि वेतन मात्र वाढवावयाचे नाही, हे त्या संपाचे एक मुख्य कारण. मुंबईच्या १९२८ च्या मोठ्या संपामागेही एका विणकराकडे अधिक साचे देण्याचा प्रश्न होताच. त्यामुळे आपल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. सुमारे चार लाख मजूर त्या संपात उतरले. ६ सप्टेंबर १९३४ रोजी साउथ कॅरोलायनातील हनिया पाथ या गावी गिरणीच्या दाराशी गोळीबार होऊन सात मजूर ठार झाले. जॉर्जियात लष्करी कायदा पुकारून संपवाल्यांना तारेच्या कुंपणात कोंडण्यात आले. तीन आठवड्यांनी संप मोडला. मजुरांची घरे गिरणीमालकांचीच होती. संपात पुढे आलेल्यांची नावे काळ्या यादीत गेली, आणि कित्येकांना नोकरीबरोबर छप्परही गमवावे लागले.

यापुढे जे झाले ते संपाहूनही दुःखद आहे. गावेच्या गावे मुकी झाली. बापाने मुलाला सांगितले नाही, आजीने नातीला सांगितले नाही. शाळेच्या इतिहासात या संपाला जागा नव्हती. दक्षिणेतील कामगार संघटना करीतच नाहीत, तो त्यांचा स्वभावच नव्हे, असे पुढील पिढ्या समजून चालल्या. आणि ते खोटे ठरविणारी माणसे शेजारच्याच ओटीवर गप्प बसलेली होती. स्टोनी त्या प्रांताचेच पुत्र. संपाच्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. सत्तरी उलटल्यावर ते या गावांतून पुन्हा हिंडले. मजुरांनी त्या वेळी वॉशिंग्टनला पाठविलेली पत्रे सरकारी दप्तरात पडून होती. त्या पत्रांचा माग काढीत हे लोक त्या कुटुंबांपर्यंत पोहोचले. संपात असलेल्यांची जशी, तशीच विरोधात असलेल्यांचीही बाजू त्यांनी ऐकून घेतली. चित्रपट पुरा झाल्यावर तो गिरण्यांच्या गावांत दाखवून त्यावर उघड बोलणे घडवून आणण्यात आले. हनिया पाथ येथे मारल्या गेलेल्या सात मजुरांचा स्मारक-पाषाण १९९५ मध्ये उभा राहिला. म्हणजे एकसष्ट वर्षांनी. इतिहास शिकविण्यात ज्याचा जन्म गेला अशा माझ्यासारख्या माणसाला यापुढे एक प्रश्न टाळता येत नाही. आपण वर्गात जे सांगत आलो, त्यात शेजारच्या ओटीवरची किती माणसे गप्प बसवली गेली असतील?

१२ जुलै २०१२ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे स्टोनी यांचे निधन झाले. नव्वदी उलटल्यावरही त्यांचे चित्रपट करणे चालू होते. चित्रपटकार म्हणून त्यांची गणना पहिल्या पंक्तीत करावी की नाही, याविषयी रसिकांत मतभेद होतील. त्यांच्या कित्येक चित्रपटांना एका हाताची मुद्रा नाही. आणि ती नसावी असाच त्यांचा प्रयत्न होता. कीर्तीच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार आहे. दुसऱ्याच्या हाती साधन देणाऱ्याचे नाव त्या साधनाने घडलेल्या वस्तूवर राहत नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात बोलता-पाहता येणारे यंत्र आलेले आहे, आणि केबलवरील त्या लोकवाहिन्यांपैकी कित्येक बंद पडल्या आहेत. कॅमेरा सर्वांना मिळावा हे स्टोनी यांचे मागणे काळाने पुरे केले, असे वरकरणी वाटेल. परंतु त्यांच्या मागण्याचा अर्धा भाग तसाच राहिला आहे. फोगो बेटावर चित्रण झाल्यावर गाव एकत्र बसून ते पाहत असे. सेंट-जॅकमध्ये फीत संपली की सभा सुरू होई. गिरण्यांच्या गावांत दिवे लागल्यावर म्हातारी माणसे बोलू लागत. चित्रण हे त्यांच्या दृष्टीने त्या बैठकीसाठी होते. आपली चित्रे आपण एकेकटे काढतो आणि एकेकटे पाहतो; त्यांवर शेजाऱ्याशी बोलत नाही.

आता त्या नावाची राहिलेली गोष्ट. पूल रोखणाऱ्या मोहॉकांच्या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून मंडळाच्या माणसाचे नाव होते, हे मी वर सांगितले. माइक मिचेल पुढे आपल्या जमातीचे ग्रँड चीफ झाले. २०१७ साली कानडाच्या चित्रपट मंडळाने तो चित्रपट पुन्हा प्रसिद्ध केला, आणि या वेळी दिग्दर्शक म्हणून मिचेल यांचे नाव घातले. ही दुरुस्ती होण्यास अठ्ठेचाळीस वर्षे लागली, आणि तोवर स्टोनी यांना जाऊनही पाच वर्षे झाली होती. ज्याची कथा, त्याचेच नाव तिच्यावर असावे, या एका आग्रहासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले होते.